फुलीवाला चौकोन आणि बिनफुलीचा चौकोन

इनडिझाइन, म्हणजे पुस्तक-अंकांची पानं लावायचं सॉफ्टवेअर, शिकायला बसलेला जवळपास प्रत्येक जण पहिल्या तासाभरात हे विचारतोच, की टूलबॉक्समधे एकाखाली एक दोन चौकोन का दिलेत, एकाच्या पोटात फुली आणि दुसरा नुसता, दोन्हींनी चौकोनच निघतो ना, मग दोन कशाला. परवा माझ्या भाचीनं विचारलं. ती कॉलेजच्या वार्षिक अंकाची पानं लावतेय, व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर केली आणि म्हणाली, "मावशी, यातला खरा कुठला गं?" तिला फोनवर जमेल तेवढं सांगितलं पण ते अर्धवट राहिलं, कारण हा प्रश्न फक्त दोन चौकोनांचा नाहीये. तसेच दोन गोल आहेत, दोन बहुकोन आहेत, पेन आहे आणि पेन्सिल आहे, लाइन टूल आहे आणि शिवाय परिच्छेदाला लावायची रेघ वेगळीच आहे. दिसायला सगळं जुळं. आणि बहुतेक ट्यूटोरियलमधे टूलचं नाव आणि शॉर्टकट सांगून माणूस पुढे जातो, कुठलं कधी घ्यायचं ते कोणी सांगत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हातानं करून बघा. कोरं डॉक्युमेंट उघडा, एफ दाबा आणि माउस ओढून एक चौकोन काढा. आत तिरपी फुली दिसेल. आता शेजारी एम दाबून तेवढाच चौकोन काढा. याला फुली नाही, पण कडेनं एक पॉइंटाची काळी रेघ आलेली असेल. आता काहीही सिलेक्ट न ठेवता डब्ल्यू दाबा, म्हणजे पान छापल्यावर कसं दिसेल ते दिसतं. फुलीवाला चौकोन गायब झाला आणि काळ्या रेघेचा चौकोन तिथेच आहे. झालं, निम्मं उत्तर इथेच मिळालं. एफ वाला म्हणजे रेक्टँगल फ्रेम टूल, त्यानं तुम्ही पानावर जागा धरून ठेवता, तिथे पुढे काहीतरी येणार असतं. एम वाला म्हणजे रेक्टँगल टूल, त्यानं तुम्ही पानावर एक दिसणारी गोष्ट काढता, बॉर्डर, रंगाची पट्टी, चौकट, जे काय असेल ते.

आता उरलेलं निम्मं, आणि इथेच लोक गोंधळतात. काळ्या रेघेचा चौकोन सिलेक्ट करा, कंट्रोल-डी दाबून एखादा फोटो निवडा. फोटो मुकाट्यानं आत बसतो! म्हणजे ज्याला आपण नुसता आकार समजत होतो तो फोटोफ्रेम झाला. आता फुलीवाला चौकोन घ्या, टी दाबून टाइप टूलनं त्यात क्लिक करा, कर्सर लुकलुकायला लागेल आणि तो मजकुराची फ्रेम झालेला असेल. ऑब्जेक्ट मेनूत कंटेंट म्हणून एक पर्याय आहे, तिथे ग्राफिक, टेक्स्ट आणि अनअसाइन्ड असे तीन प्रकार दिसतात, त्यातून हवा तो प्रकार कधीही करून घेता येतो. म्हणजे इनडिझाइनच्या लेखी हे दोन चौकोन वेगळ्या जातीचे नाहीतच, दोन्ही म्हणजे एक बंद पाथ, म्हणजे रेघेनं बांधलेला आकार, ज्यात काहीही भरता येतं. फरक एवढाच की जन्माला येताना एकाच्या अंगावर रेघ असते, दुसरा कोरा असतो आणि त्याच्यावर न छापणारी फुली असते.

मग काही का वापरेना, असं वाटू शकतं. पण फरक पडतो आणि तो प्रुफात दिसतो. कुठलीही स्मरणिका किंवा छोट्या संस्थेचा अंक हातात घ्या आणि मान्यवरांच्या फोटोंचं पान नीट बघा, कित्येकदा काही फोटोंना बारीक काळी कड असते आणि काहींना नसते. कुणी मुद्दाम केलेलं नसतं. पान लावणाऱ्यानं घाईत काही फ्रेम एम नं काढलेल्या असतात, काही एफ नं, काही थेट प्लेस करून आलेल्या. स्क्रीनवर फ्रेमच्या कडा तशाही रंगीत रेघेनं दिसत असतात त्यामुळे ती एक पॉइंटाची काळी रेघ नजरेतून सुटते, आणि छापून आल्यावर मात्र तीच आधी डोळ्यात भरते. त्यामुळे फोटोसाठी जागा धरायची असेल तर एफ. कड हवीच असेल तर ती नंतर ऑब्जेक्ट स्टाइलमधून, म्हणजे एकदा ठरवून जपून ठेवलेल्या सेटिंगमधून, सगळ्यांना एकदम एकसारखी द्यावी. हा माझा आग्रह आहे आणि मी तो सोडणार नाही.

हे दोन चौकोन कुठून आले हे कळलं की गोष्ट अजून सोपी होते. पेजमेकर हे पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर १९८५ साली आलं, आल्डस कंपनीचं. त्यात सुरुवातीला फ्रेम हा प्रकारच नव्हता, मजकूर आणि फोटो थेट पानावर ठेवायचे, जसं टेबलावर ब्रोमाइड, म्हणजे फोटोच्या कागदावर काढलेला मजकूर, कापून चिकटवायचे तसंच, आणि चौकट हवी असेल तर वरून वेगळा चौकोन काढायचा. फ्रेम त्यात आल्या त्या बऱ्याच उशिरा, ६.५ आवृत्तीत. क्वार्क एक्सप्रेस या दुसऱ्या सॉफ्टवेअरचं उलट, ते १९८७ चं, आणि तिथे पहिल्यापासून सगळं बॉक्समधे, मजकुराला टेक्स्ट बॉक्स आणि चित्राला पिक्चर बॉक्स, काढतानाच ठरवायचं की आत काय येणार. रिकाम्या पिक्चर बॉक्सवर फुली असायची. १९९४ मधे अडोबीनं आल्डस घेतली आणि १९९९ मधे इनडिझाइन आणलं, क्वार्कशी टक्कर द्यायलाच. म्हणजे पेजमेकरचा मोकळा चौकोन आणि क्वार्कचा फुलीवाला बॉक्स अशी दोन्ही वळणं याच्यात शेजारी शेजारी नांदतात.

आपल्याकडे पेजमेकर खूप वर्षं टिकलं. शेवटची आवृत्ती ७.० ही २००१ ची, पण मराठी छपाईच्या कामात त्यानंतरही कितीतरी वर्षं लोक त्याच्यावरच होते, कारण श्रीलिपी, आयएसएम यांचे जुने फॉन्ट त्यात व्यवस्थित चालायचे आणि हात बसलेला होता. ही मंडळी फार कसलेली आहेत, बिनचूक पान लावतात, त्यांच्याकडून मी कॉलम कसे मारायचे ते शिकले. पण त्यातले बरेच जण इनडिझाइनमधे आल्यावरही पेजमेकरसारखंच काम करतात, म्हणजे फोटो ठेवायचा आणि त्याच्यावर बरोब्बर त्याच मापाचा रिकामा चौकोन काढून कड द्यायची. आता पानावर एकाच फोटोसाठी दोन वस्तू झाल्या. संपादकांनी सांगितलं फोटो जरा वर घ्या, फोटो वर गेला, कड खाली राहिली. किंवा दोन्ही नीट हलले पण आकार बदलताना कड अर्ध्या मिलिमीटरनं सरकली. इनडिझाइनमधे फोटोच्या फ्रेमलाच स्ट्रोक, म्हणजे कडेची रेघ, देता येतो, मग एकच वस्तू राहते आणि कड फोटोबरोबर फिरते. ती रेघ फ्रेमच्या कडेच्या आत बसवायची, मधोमध की बाहेर, हेही स्ट्रोक पॅनेलमधे अलाइन स्ट्रोक म्हणून तीन बटणं आहेत तिथे ठरवता येतं. शेजारी शेजारी फोटो असतील आणि त्यांच्यातलं अंतर नेमकं हवं असेल तर आतली कड बरी.

फुलीच्या फ्रेमचा खरा उपयोग डमी, म्हणजे अंकाचा कच्चा आराखडा, लावताना कळतो. फोटो अजून आलेले नाहीत, लेख आलेत, जाहिराती अर्ध्या आल्यात आणि संपादकांना पानं किती होतात ते आज संध्याकाळी हवंय, ही परिस्थिती ज्यांनी अंक काढलाय त्यांना सांगायला नको. तेव्हा एफ नं जागा धरत जायचं. एक फार सुंदर गोष्ट आहे, फ्रेम ओढत असताना माउस न सोडता उजवा बाण दाबला की एकाच्या दोन फ्रेम होतात, पुन्हा दाबला तीन, वरचा बाण दाबला की ओळी वाढतात, म्हणजे पदाधिकाऱ्यांच्या बारा फोटोंची जाळी एका ओढण्यात तयार. मधलं अंतर पानाच्या कॉलम गटरएवढं, म्हणजे दोन कॉलममधल्या जागेएवढं, आपोआप येतं. आणि त्या फ्रेम रिकाम्या असतानाच ऑब्जेक्ट मेनूतल्या फिटिंगमधे जाऊन फ्रेम फिटिंग ऑप्शन्समधे फिल फ्रेम प्रपोर्शनली करून ठेवलं की नंतर येणारा प्रत्येक फोटो, मोबाइलवर काढलेला असो की स्टुडिओतला, फ्रेम भरूनच बसतो. मी तर ही सगळी भानगड ऑब्जेक्ट स्टाइलमधे टाकून ठेवते.

फक्त एक लक्षात ठेवा. फुली छापत नाही, तशी पीडीएफमधेही येत नाही. तुम्ही डमीची पीडीएफ संपादकांना पाठवली तर त्यांना तिथे नुसती पांढरी जागा दिसणार आणि लगेच फोन येणार की अहो इथे काय राहिलंय. त्यामुळे पाठवायच्या डमीत त्या फ्रेमना १० टक्के काळा भरून ठेवावा, करड्या ठोकळ्यावरून लगेच कळतं की इथे फोटो येणार. फोटो आल्यावर फिल, म्हणजे आतला रंग, परत नन करायला विसरू नका, नाहीतर पारदर्शक पीएनजी लोगोच्या मागे करडा ठोकळा तसाच छापून येतो.

ननवरून आठवलं, नन आणि पेपर यातला फरकही असाच जुळ्यांचा आहे. स्वॅचेसमधे, म्हणजे रंगांच्या यादीत, दोन्ही पांढऱ्या कागदावर सारखेच दिसतात. पण नन म्हणजे आत काहीच नाही, खालचं दिसतं. पेपर म्हणजे खालचं सगळं झाकलं, तेवढ्या भागात कागद कोरा. चुकलेला मजकूर पेपर भरलेल्या चौकोनानं झाकून वेळ मारून नेणारे लोक आहेत, छपाईत ते दिसत नाही हे खरं, पण पीडीएफमधे तो मजकूर खाली तसाच असतो, सर्चमधे सापडतो, कॉपी होतो. देणगीदाराची रक्कम बदलली म्हणून जुनी झाकली आणि ती पीडीएफ सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली, असं होऊ देऊ नका. मजकूर काढून टाका.

गोल आणि बहुकोनाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, चौकोनाचेच नियम लागतात, फुलीवाला जागेसाठी, बिनफुलीचा दिसण्यासाठी. शिफ्ट दाबून ओढलं की अचूक वर्तुळ, ऑल्ट दाबून ओढलं की मध्यापासून. नेमकं माप हवं असेल तर ओढूच नका, टूल घेऊन पानावर एकदा नुसतं क्लिक करा, माप विचारणारी खिडकी येते, त्यात लिहा २५ मिमी बाय २५ मिमी. लेखकांचे गोल फोटो असेच काढावेत, सगळे एकाच मापाचे होतात. पॉलिगॉन टूलवर डबल क्लिक केलं की बाजू किती आणि स्टार इनसेट किती हे विचारतं, म्हणजे तारा वेगळ्या टूलनं नाही, त्याच टूलनं होतो. चौकोनाचे कोपरे गोल करायलाही वेगळं टूल शोधू नका, कोपरे कॉर्नर ऑप्शन्समधून होतात आणि फ्रेम असो की शेप, दोन्हींना होतात.

आता स्क्रायबस, म्हणजे पानं लावायचंच दुसरं सॉफ्टवेअर. इनडिझाइनचं भाडं दर महिन्याला भरणं प्रत्येकाला परवडत नाही, विशेषतः वर्षातून एकच अंक काढणाऱ्या मंडळांना, आणि स्क्रायबस फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. पूर्वी त्यात देवनागरीची जोडाक्षरं तुटायची म्हणून आपल्या कामाचं नव्हतं, पण १.५ च्या मालिकेत ते काम झालं आणि २०२४ च्या सुरुवातीला १.६ ही स्थिर आवृत्ती आली, त्यात युनिकोड मराठी नीट बसतं. मी मुद्दाम सांगतेय कारण लोकांच्या डोक्यात अजून जुनंच मत आहे.

पण इनडिझाइनवरून तिथे गेलात तर पहिल्याच दिवशी अडखळाल ते याच चौकोनांवर. कारण इनडिझाइनमधे जो फरक नावापुरता आहे तो स्क्रायबसमधे खराखुरा आहे. तिथे टेक्स्ट फ्रेम वेगळी, इमेज फ्रेम वेगळी, शेप वेगळा, पॉलिगॉन वेगळा, आणि काढतानाच ठरतं कोण काय आहे, क्वार्कच्या जुन्या पद्धतीसारखं. शेपनं काढलेला चौकोन सिलेक्ट करून त्यात फोटो टाकायला गेलात तर इमेज घ्यायचा पर्यायच मिळत नाही, आणि माणूस मेनू धुंडाळत बसतो. उपाय सोपा आहे, आयटम मेनूत कन्व्हर्ट टू आहे, तिथून त्याची इमेज फ्रेम करा, मग फोटो आत येतो. रिकामं असतानाच कन्व्हर्ट केलेलं बरं, आत माल भरलेला असताना नको. मला ही स्क्रायबसची शिस्त शिकणाऱ्यासाठी चांगली वाटते, कारण ती तुम्हाला आधी विचार करायला लावते की इथे नक्की काय येणार आहे. इनडिझाइन सगळंच चालवून घेतं, त्यामुळे हा विचार पुढे ढकलला जातो. आणि स्क्रायबसच्या शेपमधे बाण, फ्लोचार्टचे ठोकळे असे तयार आकार भरपूर आहेत, ते इनडिझाइनमधे असे आयते मिळत नाहीत.

चौकोन झाले, आता रेघा. इथे जास्त नुकसान होतं असं माझं स्पष्ट मत आहे.

शीर्षकाखाली रेघ हवी. लाइन टूल घेतलं, शिफ्ट दाबून आडवी ओढली, सुंदर दिसतेय. दुसऱ्या दिवशी लेखकानं पहिल्या परिच्छेदात दोन वाक्यं वाढवली, सगळा मजकूर खाली सरकला, मधलं उपशीर्षक पुढच्या कॉलममधे गेलं आणि त्याची रेघ जुन्या जागी, भलत्याच ओळीच्या डोक्यातून. चाळीस पानांच्या अंकात अशा रेघा शोधत बसणं म्हणजे रात्रीचा खून. लाइन टूलनं काढलेली रेघ पानाची असते, मजकुराची नसते. मजकुराबरोबर जाणारी रेघ हवी असेल तर ती परिच्छेदाला लावायची, पॅराग्राफ रूल्स, शॉर्टकट कंट्रोल-ऑल्ट-जे, रूल अबव्ह किंवा रूल बिलो, आणि तीही थेट नाही, उपशीर्षकाच्या पॅराग्राफ स्टाइलमधे. मग उपशीर्षक कुठेही जाऊ दे, रेघ त्याच्या पाठोपाठ. चौकटीतला मजकूर, करड्या पट्टीवरचा मजकूर, यांच्यासाठीसुद्धा आता मागे चौकोन काढून ठेवायची गरज नाही, पॅराग्राफ शेडिंग सीसी २०१५ मधे आलं आणि पॅराग्राफ बॉर्डर सीसी २०१८ मधे, मजकूर वाढला की पट्टी आपोआप वाढते.

देवनागरीत या रूलचं एक खास प्रकरण आहे जे इंग्रजी ट्यूटोरियलमधे तुम्हाला कधीच सापडणार नाही. रूल बिलोचं अंतर बेसलाइनपासून, म्हणजे अक्षरांच्या पायाच्या रेघेपासून, मोजलं जातं. ऑफसेट, म्हणजे हे अंतर, शून्य ठेवलात तर रेघ बेसलाइनला चिकटून येते. इंग्रजीत तिथे जी, वाय यांच्या शेपट्या तेवढ्या अडकतात. आपल्याकडे तिथे ऱ्हस्व दीर्घ उकार आहेत, ऋकार आहे, जोडाक्षरांचे पाय आहेत. 'पूर्वसुरींची स्मृती' असं शीर्षक टाइप करून बघा, रेघ प च्या उकाराला कापते, स च्या उकाराला कापते आणि मृ च्या शेपटीतून जाते. त्यामुळे ऑफसेट एवढा द्यायचा की त्या फॉन्टमधला सगळ्यात खोल उकार सुटेल आणि वर थोडी हवा राहील, आणि फॉन्ट बदलला तर पुन्हा तपासायचं. रूल अबव्हला हेच उलटं, तिथलं अंतरही बेसलाइनपासून वर मोजतात, त्यामुळे शून्य ठेवलं तर वरची म्हणवणारी रेघ अक्षरांच्या पायाशीच येते, आणि ती डोक्यावर न्यायची म्हणजे शिरोरेषा ओलांडून, वर मात्रा, वेलांट्या, रफार, अनुस्वार हे सगळं ओलांडून न्यावी लागते. तपासायला 'र्कैं' सारखं काहीतरी टाइप करावं, अर्थ नसला तरी चालेल, उंची कळते.

आणि रेघेची जाडी. स्क्रीनवर झूम करून सगळंच ठळक दिसतं, म्हणून लोक ०.१ पॉइंट वगैरे ठेवतात. ऑफसेट छपाईसाठी रेघेच्या जाडीत ०.२५ पॉइंटाच्या खाली जाऊ नका, तेच मुळात एक दशांश मिलिमीटरपेक्षा कमी आहे. दुसरं, इतक्या बारीक रेघेला ३० टक्के करडा असा टिंट देऊ नका, टिंट म्हणजे छपाईत ठिपके, आणि बारीक रेघेत ठिपके पुरे मावत नाहीत, ती तुटक दातेरी दिसते. बारीक रेघ पूर्ण काळी किंवा कुठल्यातरी एका शाईची शंभर टक्के. फिकी हवी असेल तर जाड करून मग टिंट द्या.

आता लाइन, पेन आणि पेन्सिल. तिन्हींनी शेवटी पाथच निघतो. लाइन टूलनं काढलेली सरळ रेघ आणि पेननं दोन क्लिक करून काढलेली सरळ रेघ यात इनडिझाइनला काहीही फरक दिसत नाही, दोन बिंदू आणि मधला पाथ. टोकाला बाण लावायचा, ठिपक्यांची करायची, त्याच्यावर मजकूर चालवायचा, दोन्हींवर सगळं होतं. त्यामुळे सरळ रेघेसाठी लाइन, बात खतम. पेन आणि पेन्सिल यांच्यात मात्र जमीनअस्मानाचं अंतर आहे. पेन्सिलनं तुम्ही हात फिरवाल तशी रेघ उमटते आणि सॉफ्टवेअर त्याच्यावर आपल्या मनानं बिंदू टाकत जातं, हात थरथरला की बिंदू वाढले. पेनमधे प्रत्येक बिंदू तुम्ही ठेवता. क्लिक केलं की कोपरा, क्लिक करून ओढलं की वळण, आणि दोन्ही बाजूंना हँडल, म्हणजे वळण कमीजास्त करायचे दांडे, निघतात.

ही हँडलवाली वळणं मुळात मोटारींसाठी बनली. फ्रान्समधे सिट्रोएनमधे पॉल द कास्तेल्झो यांनी १९५९ च्या सुमारास आणि रेनॉमधे पिएर बेझिए यांनी १९६० च्या दशकात, गाडीच्या पत्र्याचं वळण यंत्राला आकड्यांत कसं सांगायचं या प्रश्नातून हे गणित काढलं. बेझिएंनी ते प्रसिद्ध केलं म्हणून नाव त्यांचं लागलं. मग १९८४ ला अडोबीच्या पोस्टस्क्रिप्टमधे, म्हणजे प्रिंटरला पान समजावून सांगायच्या भाषेत, तीच वळणं आली आणि तिथून सगळ्या छपाईत. म्हणजे पेन टूलची ताकद इथे आहे, की थोड्या बिंदूंत मोठं वळण. एलिप्स टूलनं एक वर्तुळ काढा आणि पांढऱ्या बाणानं, म्हणजे डायरेक्ट सिलेक्शन टूलनं, त्याच्यावर क्लिक करा, फक्त चार बिंदू दिसतील, वर खाली डावीकडे उजवीकडे, आणि प्रत्येक हँडल त्रिज्येच्या साधारण ५५ टक्के लांबीचं. चार बिंदूंत अख्खं वर्तुळ! आता तेवढंच वर्तुळ पेन्सिलनं काढून बिंदू बघा. फरक समोर दिसतो.

म्हणून गावाचा नकाशा, नदीचं वळण, फोटोतल्या माणसाच्या भोवतीनं कापणं, वळणावर मजकूर चालवणं, हे सगळं पेननं. पेन्सिल कधी घ्यायची, तर जेव्हा हाताची थरथर हवी असते तेव्हा, फाटलेल्या कागदाची कड, लहान मुलांच्या पानावर शब्दाखाली हातानं मारल्यासारखी रेघ. खूपच खडबडीत झाली तर पेन्सिलच्याच खाली स्मूथ टूल लपलेलं आहे, ते वरून फिरवायचं. स्क्रायबसमधे हेच बेझिए कर्व्ह आणि फ्रीहँड लाइन या नावांनी आहे, तिथे वळण संपवायला राइट क्लिक करायचं असतं एवढं ध्यानात ठेवा, नाहीतर रेघ माउसच्या मागे फिरत राहते. शिवाय तिथे कॅलिग्राफिक लाइन म्हणून तिसरंच आहे, त्याच्यात तिरकस कापलेल्या बोरूसारखी जाड बारीक रेघ निघते, आपल्या अक्षरांच्या माणसांनी ते नक्की खेळून बघावं.

पेनचा एक उपयोग मला फार प्रिय आहे. पानावर मजकुराला तिरकं किंवा वळणदार सोडायचंय, समजा कोपऱ्यात झाडाचं चित्र आहे आणि मजकूर त्याच्या फांद्यांच्या कलानं जायला हवा. पेननं झाडाभोवती अंदाजे बंद आकार काढा, फिल नन, स्ट्रोक नन, आणि त्याला टेक्स्ट रॅप द्या. छापताना काही दिसत नाही, पण मजकूर अदबीनं बाजूनं जातो, आणि एकेक बिंदू सरकवून कुठल्या ओळीनं किती आत यायचं ते ठरवता येतं. मराठीत शब्द लांब असतात, 'विश्वविद्यालयातल्यांनासुद्धा' छापाचे, त्यामुळे अरुंद जागेत ओळी विरळ पडतात, त्या मग दोन चार बिंदू हलवून भरून घेता येतात. फोटोतून आपोआप कड शोधणारा पर्याय आहेच, पण त्यानं ही वाटाघाट होत नाही.

पेन शिकायचं कसं हे भाचीनं विचारलं तेव्हा मी तिला फुलं-पानं गिरवायला नाही सांगितलं. एक अक्षर घ्या, ळ घ्या, चांगल्या फॉन्टमधे, २०० पॉइंटाला. त्याची कॉपी करून कंट्रोल-शिफ्ट-ओ दाबा, अक्षराचा पाथ होतो. आता पांढऱ्या बाणानं क्लिक करून बिंदू बघा. फॉन्ट करणाऱ्यानं ळ ची दोन्ही पोटं किती मोजक्या बिंदूंत बसवलीत, बिंदू वळणाच्या टोकांवर कसे आहेत, अगदी वर, अगदी बाजूला, अधेमधे नाहीत, हँडल आडवे-उभे कसे सरळ ठेवलेत, आणि जिथे पोट दांडीला भेटतं तिथे वळण कसं मोडलंय. मग तो ळ लॉक करा, शेजारच्या लेयरवर पेन घेऊन तेवढ्याच बिंदूंत तसाच काढायचा प्रयत्न करा. तुमचे बिंदू जास्त झाले तर वजा करत जा, बिंदूवर पेन नेलं की वजाचं चिन्ह येतं. वळण मोडायचं असेल तिथे ऑल्ट दाबून एकच हँडल फिरवा. ळ जमला की श्र घ्या, आणि मग ज्ञ.